धाकू तांडेलाच्या अकरा खुणा

मला विद्यार्थी लवकर आवडत नाहीत. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यातली निम्मी वर्षं "सर, मला येत नाही" हे ऐकण्यात गेली आणि उरलेली "सर, माझं झालं" हे ऐकण्यात. निवृत्त झालो तेव्हा ठरवूनच टाकलं होतं की आता कोणाला साधी सरळ रेघसुद्धा शिकवायची नाही. पण रत्नागिरीतल्या एका कॉलेजाने कम्युनिटी कॉलेज सुरू केलं आणि त्यात 'कला आणि मानव्यविद्यांची ओळख' असा वर्षभराचा वर्ग काढला. शनिवार-रविवार दुपारी. चित्रकला, इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान, सगळ्यांची तोंडओळख. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. आता कोण कोण येणार, या विचारानेच माझं डोकं उठलं. तरीही प्राचार्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण घरी बसून बायकोचं डोकं उठवण्यापेक्षा ते बरं होतं.

आले ते असे: दोन परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, चार-पाच गृहिणी, आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतला एक जण. हा रात्रपाळी करून वर्गात यायचा आणि तत्त्वज्ञानाच्या तासाला गाढ झोपायचा. या सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या बाकावर, पांढरा लेंगा, चेकचा शर्ट आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेला अडुसष्ट वर्षांचा धाकू पालशेतकर.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, चित्रकला का शिकायची? कोणी म्हणालं छंद, कोणी म्हणालं मन रमतं. धाकूतात्या उभे राहिले. "सर, मला फक्त डोंगर, देऊळ आनि झाड काढायला शिकवा. बाकीचा काय नको."

मी भडकलो. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली देऊळ आणि बाजूला झाड, हे चित्र मी एकतीस वर्षं पाहिलं होतं. वर्गावर्गातून, वह्यावह्यांतून, स्वप्नातसुद्धा. मी म्हणालो, "तात्या, ते चित्र तुम्हाला पहिलीतलं पोर शिकवील. इथे वेगळं शिकवतात."

"मग ते बी शिकतो," असं म्हणून ते खाली बसले. राग नाही, लोभ नाही. तेव्हा मला ते जरा मंदच वाटले. मी गडहिंग्लजचा, घाटावरचा माणूस. तीस वर्षं रत्नागिरीत काढूनही समुद्राकडे मी एक निळी पट्टी म्हणूनच बघत आलो होतो. त्यामुळे माझ्यासमोर कोण बसलाय हे मला कळायची सोयच नव्हती.

धाकूतात्या जयगडच्या अलीकडच्या एका खारवीवाडीतले, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतले. चौथीत शाळा सुटली, कारण बापाला होडीवर माणूस कमी पडत होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षी बापाने सुकाणू हातात दिलं आणि ते तांडेल झाले, म्हणजे होडीवरचा शब्द त्यांचा. चाळीस वर्षं तो शब्द चालला. मग मुलगा सुजय बंदरावर नोकरीला लागला, होडीवर माणसं मिळेनात आणि होडी विकली. त्यानंतर दोन वर्षांनी तात्यांना लकव्याचा हलका झटका आला. हात-पाय सावरले, बोलणंही सावरलं. पण डॉक्टरांनी सुजयला बाजूला घेऊन सांगितलं की आठवण हळूहळू कमी होत जाईल. बाजूला घेऊन सांगितलेलं तात्यांनी ऐकलं होतंच. चाळीस वर्षं वाऱ्यातून माणसांचं बोलणं ओळखलेला माणूस तो.

आता खरी गोष्ट. मला ती सहा महिन्यांनी कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच चिडत बसाल.

समुद्रात सगळीकडे मासळी नसते. तळाला कुठे कुठे खडप असतं, म्हणजे पाण्याखालचा खडक. त्याच्या आसपास तांबोशी, गोबरा अशी मोठी मासळी राहते. वरून तर सगळं पाणी सारखंच. मग ती जागा पुन्हा सापडायची कशी? किनाऱ्यावरच्या खुणांनी. देवळाचा कळस अमुक झाडाखाली आला पाहिजे आणि दुसरीकडे अमुक कातळाचं टोक डोंगराला टेकलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जुळलं, की होडी खडपावर. धाकूतात्यांकडे अशा अकरा खुणा होत्या. काही बापाच्या, काही आज्याच्या, दोन त्यांनी स्वतः शोधलेल्या. कागदावर एकही नाही, सगळ्या डोक्यात. आणि डोकं आता साथ सोडणार होतं.

या खुणा कोणाला सांगायच्या नसतात. सांगायच्या त्या समुद्रावर, चालत्या होडीत, आणि ज्याच्या हातात सुकाणू देणार त्यालाच. भरल्या होडीने परत येताना तांडेल मुद्दाम वळसा घेऊन येतो, म्हणजे कुठून आला ते कोणाला दिसू नये. धक्क्यावर कोणी विचारलं, "कुठं लागली रे?" की उत्तरेला लागली असेल तर दक्षिणेला हात करायचा. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. उलट खरं सांगितलं तर माणूस आजारी आहे की काय अशी शंका येईल.

आता तात्यांकडे होडी नव्हती, सुकाणू नव्हतं आणि ते धरणारा कोणी नव्हता. सुजय म्हणायचा, "बाबा, आता सगळ्या बोटींवर मशीन आहे. बटन दाबलं की जागा दिसते. तुमच्या खुणा कोणाला हव्यात?" तो चुकीचं बोलत नव्हता. पण तात्यांना वाटायचं, बापसाची ठेव माझ्या डोक्यात बुडाली तर वर गेल्यावर त्याला तोंड कसं दाखवू? मग वाडीतल्या कोणीतरी या वर्गाची जाहिरात वाचून दाखवली. त्यात 'चित्रकला' शब्द होता. तात्यांनी विचार केला, सांगायचं नाही असं बापूस बोलला होता. काढायचं नाही असं कुठे बोलला होता?

म्हणून डोंगर, देऊळ आणि झाड.

जून ते डिसेंबर हा माणूस जयगडच्या एसटीने दीड तास येत होता आणि दीड तास जात होता. एकही शनिवार बुडाला नाही. पेन्सिल आधी काठीसारखी मुठीत धरायचे. पण बघायचे असे, की मी थक्क व्हायचो. मी बाकावर एक तांब्या, त्यामागे एक वाटी ठेवली आणि काढायला सांगितलं. सगळ्यांनी तांब्या काढला, वाटी काढली. तात्यांनी वाटीचा फक्त तांब्याआडून बाहेर आलेला काठ काढला, अगदी तेवढाच, केसभर कमी नाही की जास्त नाही. मी विचारलं, "कुठे शिकलात?" ते म्हणाले, "एक वस्तू दुसरीच्या मागं किती दडते, तेच तर बगायचा असतो ना सर?" यथार्थदर्शनाचा जो धडा मी शाळेत तीन आठवडे शिकवायचो, तो त्यांनी एका वाक्यात आटोपला. वर्ग हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं.

बाकीच्या विषयांतही त्यांचं काही ना काही चालायचं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अक्षया मॅडमनी एकदा विचारलं, एखादी गोष्ट कोणालाच ठाऊक नसेल तर ती आहे असं म्हणता येईल का? बँकवाले गृहस्थ दहा मिनिटं बोलले. तात्या म्हणाले, "खडप तिथंच असतो मॅडम. आपल्याला खूण म्हाईत नसली तर आपला जाळा रिकामा, त्याला काय त्याचा?" मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. लोट्याचा तो माणूससुद्धा त्या दिवशी जागा झाला.

डिसेंबरपर्यंत तात्यांनी किनाऱ्याची सात चित्रं काढली. सगळी समुद्राकडून पाहिलेली. डोंगराची रेघ, कातळ, माडांची गर्दी, घरांची छपरं. मी वर्गात सर्वांना दाखवली, तोंडभरून कौतुक केलं. माझ्याकडून कौतुक म्हणजे काय, ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.

त्याच महिन्यात मी वर्गाला निसर्गचित्रणासाठी बाहेर काढलं. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला जायचं, वाटेत बोटीवरूनच रेखाटनं करायची. मी तात्यांची चित्रं मुद्दाम बरोबर घेतली होती. बोट खाडीच्या तोंडाशी आली आणि एक टेकाड दिसलं. ओळखीचं वाटलं. तात्यांचं चित्र बाहेर काढून समोर धरलं. डोंगर बरोबर, माड बरोबर, उंडीचं एकटं झाड बरोबर, त्याच्या शेजारून खाली येणारा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, तोही बरोबर. पण देऊळ! चित्रात ते पऱ्याच्या उजवीकडे होतं आणि प्रत्यक्षात डावीकडे, उंडीच्या अगदी पायथ्याशी.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "धाकूतात्या! तुमच्या वाडीतलं देऊळ तुम्हाला धड काढता येईना? पऱ्या ओलांडून पलीकडे नेऊन ठेवलंत!"

तात्या उठले, चित्राकडे बघितलं, समोर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, म्हातारा चळला. "चुकला ओ सर. मोठी चूक झाली." त्यांनी चित्राची घडी केली आणि पिशवीत घातलं. मी त्या चित्राला दहापैकी चार गुण दिले. पुढच्या शनिवारी ते माझ्यासाठी डबा घेऊन आले. त्यांच्या बायकोने, चिमावहिनींनी, तळलेली तांबोशी पाठवली होती.

नापास केल्याबद्दल मासळी देणारा विद्यार्थी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. घरी मी ती मासळी खाल्ली, काटा घशात अडकला, आणि तो काढता काढता माझ्या डोक्यात काहीतरी हललं. माझ्याकडे उरलेली सहा चित्रं घेऊन बसलो. ज्याला वाटीचा केसभर काठ दिसतो, त्याला देऊळ कसं नाही दिसणार?

रविवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं आणि दार लावलं. "तात्या, खरं सांगा. देऊळ मुद्दाम हलवलंत?"

ते आधी दाराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. शेवटी हळूच म्हणाले, "एक वस्तू चुकवलीय सर. दर चित्रात एकच. बाकी सगळा खरा. कुनाच्या हातात कागद गेला तर त्याचा काय उपेग होऊ नये म्हनून." आणि मग त्यांनी ते अकरा खुणांचं सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे. तुम्ही ज्या माणसाला भोळा समजत होता तो तुम्हाला सहा महिने गुंडाळत होता, हे कळल्यावर जो राग येतो तो मला आला, आणि लगेच हसूही आलं.

"पण मग तुम्हाला तरी कसं कळणार, कुठली वस्तू खोटी ते?"

"माज्या ध्यानात हाय ना." त्यांनी चित्रं एकेक करून बाकावर मांडली. पहिलं. "ह्यात वड. वड नाय तिथं." दुसरं, देऊळ. तिसरं, चौथं, पटापट बोटं ठेवली. पाचव्यावर बोट आलं आणि थांबलं. शाळेचं कौलारू छप्पर, मागे डोंगरातली खिंड, एका बाजूला घोड्याच्या पाठीसारखा कातळ. बोट छपरावरून खिंडीवर गेलं, कातळावर गेलं, परत छपरावर आलं. तात्यांच्या कपाळावर घाम आला.

"सर," ते म्हणाले, "ह्यातला खोटा कुठचा?"

तो आवाज मी विसरणार नाही. खुणा चोराच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली नेमकी त्याच डोक्यात ठेवली, जिथून सगळं गळत होतं. ते बाकावर बसून रडले. मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही, मी खडूचे तुकडे गोळा करत राहिलो. मग म्हणालो, "उरलेलं सगळं नीट काढायचं. खरं खरं. पाचवं समुद्रावर जाऊन शोधायचं." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "मी येतो."

मला पोहता येत नाही. साध्या फेरीबोटीतसुद्धा मला बोट लागते. तरी जानेवारीत, समुद्र शांत असताना, लागोपाठ तीन रविवार मी पहाटे तात्यांच्या वाडीत हजर झालो. दुपारचा वर्ग तेवढे तीन रविवार अक्षया मॅडमनी सांभाळला आणि का, ते विचारलंही नाही. तात्यांच्या पुतण्याची, सदूची, लहान होडी होती. सदूच्या होडीवर मशीन होतं आणि तो आम्हा दोघांना हसत होता. पण काकाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. जागा जवळ आली की तात्या त्याला इंजीन हळू करायला लावायचे, मग पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसवायचे आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायला सांगायचे. चाळिशीतला बाप्या, पण बसायचा बिचारा.

पहिल्या दिवशी मी वही काढून तयार झालो. तात्या काही बोलेनात.

"सांगा ना तात्या."

"सुकाणू धरा सर."

"मला येत नाही ते."

"धरा. न्हायतर मला सांगता येनार नाय."

मग मी, गडहिंग्लजचा माणूस, एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने होडीची कड घट्ट धरून बसलो. तात्यांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला, दाबला आणि काढून घेतला. तेवढंच. मग किनाऱ्याकडे बोट करून पहिली खूण सांगितली. बापाने त्यांना सांगितली त्याच शब्दांत, असं ते म्हणाले. मला उलट्या होत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या पाण्यातूनच मी पाहिलं, की कळस हळूहळू सरकत सरकत उंडीखाली आला, आणि त्याच क्षणी दुसरीकडे कातळाचं टोक डोंगराला टेकलं. तात्यांनी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा खाली सोडला आणि दोरी माझ्या हातात दिली. तो दगडावर टक्क आपटल्याचं माझ्या तळहाताला दोरीतून कळलं. तीस वर्षं ज्याला मी निळी पट्टी म्हणत होतो, त्याच्या आत काहीतरी होतं. मी देवभोळा माणूस नाही. पण त्या वेळी मी मनातल्या मनात कोणाचे तरी आभार मानले, कोणाचे ते माहीत नाही.

तीन रविवारांत दहा खुणा पक्क्या झाल्या. होडीत मी कच्च्या रेघा मारायच्या, घरी आल्यावर तात्यांनी चित्र काढायचं. दहाही चित्रं चिमावहिनींनी त्यांच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली. पाचवी सापडली नाही. शाळेचं छप्पर या खिंडीखाली आणून बघितलं, त्या खिंडीखाली आणून बघितलं, कातळ टेकवून बघितला, सोडून बघितला. दर वेळी गोळा चिखलात बसायचा, आवाज न करता. तिसऱ्या रविवारी सदूने गाणी बंद केली आणि मागे न वळताच म्हणाला, "काका, ऊन झाला. चला आता."

घरी मी जेवायला थांबलो. मी विचारलं, "सुजयला नाही का ठाऊक?"

"त्याला काय म्हाईत? तो कंदी सुकाणूवर बसलाच नाय," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग ताटाकडे बघत म्हणाले, "अकरातली दहा वाचली सर. तुमच्या वर्गात पाय ठेवला नसता तर एक बी वाचली नसती. मी तुमचा उपकार मानतो." मी त्यांना म्हणालो, उपकार वगैरे बोलू नका, मासळी गार होते. पण त्यांना त्या एका खुणेचं किती लागलंय ते मला दिसत होतं. त्यांच्या आज्याने शोधलेली होती ती, तांबोशीचं खडप. त्यानंतर वर्गात ते कधी कधी अर्ध्यातच थांबायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात एक छप्पर आणि एक खिंड काढून बघत बसायचे.

एप्रिलमध्ये वर्ष संपलं. प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाची सात चित्रं प्रदर्शनात लावायची असा नियम होता. मला वाटलं, तात्या काही तयार होणार नाहीत. पण ते म्हणाले, "ती पहिली सात लावा की. खोटी हायत ती." त्यांना त्यात भारी मजा वाटत होती. बाहेरून आलेले परीक्षक त्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, किती प्रामाणिक निरीक्षण आहे. तात्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी खोकला आल्यासारखं केलं.

सुजय उशिरा आला. सकाळची पाळी संपवून सरळ बंदरावरून, अंगात कंपनीचे कपडे, बगलेत हेल्मेट. बापाने काय काढलंय हे त्याने तोवर पाहिलंच नव्हतं, घरी त्याला कोणी दाखवलंही नव्हतं. तो भिंतीशी गेला. मी जवळच होतो. पहिल्या चित्रासमोर तो थांबला, मान वाकडी केली, आणि स्वतःशीच म्हणाला, "इथे वड कुठे आहे?"

मी कान टवकारले. तो पुढे सरकला. "हे देऊळ पऱ्याच्या अलीकडे पाहिजे." तिसरं. "हा कातळ इतका पुढे येत नाही." चौथ्यातही त्याने नेमकं बोट ठेवलं. मी सुकाणू धरून ज्या दहा खुणा शिकलो होतो, त्या सगळ्या माझ्या डोक्यात होत्या. त्याचं एकही बोट चुकत नव्हतं.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं कोणी नाही," सुजय म्हणाला. "सुट्टीत बाबा मला होडीवर न्यायचे, लहान होतो तेव्हा. पुढे बसवायचे आणि गप्प बस म्हणायचे. मग दुसरं करायला काय होतं? बघत बसायचो." तो जरा हसला. "हे बाबांनी कधी विचारलं नाही, मीही कधी बोललो नाही. म्हटलं, त्यांना राग येईल, न सांगता घेतलं म्हणून."

तो पाचव्यासमोर आला. "हे तर तांबोशीचं खडप. ह्यात—"

"गप!"

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. तात्या कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांच्या हातात प्रमाणपत्र होतं. सभागृहात पन्नास-साठ माणसं होती, परीक्षक होते, अक्षया मॅडम होत्या, बँकवाले गृहस्थ चहा पीत होते.

"येवड्या मानसांसमोर बोलतात काय रे?" तात्या म्हणाले. ओरडून म्हणायचं होतं त्यांना, पण आवाज चिरकला. त्यांनी सुजयचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने माझ्या खिशातली पेन्सिल उपसून घेतली आणि त्याला ओढतच आमच्या वर्गाच्या दिशेने नेलं. मी त्यांच्यामागून दारापर्यंत गेलो. दहा खुणा मला सांगितलेल्या होत्या, आता ही अकरावी. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तात्या वळले.

"सर, तुमी बाहेर थांबा हां जरा," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आतून सुजयचा हळू आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बाक सरकल्याचा आवाज, आणि मग तात्यांचं हसणं. चहाचा कप घेऊन कोणीतरी आलं आणि विचारू लागलं की आत काय चाललंय. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि कोणालाही आत जाऊ दिलं नाही.